मुऱ्हाळी आला

८ जानेवारी १९९५, रविवार

सोडून आलो अक्काला.

वाटलं होतं रडेल, दाराला धरून बसेल, रिक्षात पाय टाकणार नाही. डिसेंबरात डॉक्टरकडे नेताना केवढा तमाशा झाला होता! सगळी गल्ली जमली होती. आज एका शब्दावर उठली. म्हणालो, "अक्का, चल. आखाजी आली. मुऱ्हाळी आलोय, न्यायला."

भर थंडीत आखाजी, वैशाखातली अक्षय्य तृतीया! पण तिला आता कुठला हिवाळा अन् कुठला उन्हाळा. चेहरा एकदम उजळला. "खरंच लेवाले उना तू माले?" लगेच गाठोडं बांधायला बसली. लुगडं, फणी, तिची गोधडी, माझा एक जुना मोजा — हाताला लागेल ते. मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "बांगड्या?"

आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. अक्का बारा वर्षांची. तिनेच कडेवर वाढवलं मला. तिचं लग्न झालं, साक्रीकडे दिली, तेव्हा गाडीमागे धावलो होतो म्हणतात. दहाव्या वर्षापासून दर आखाजीला मुऱ्हाळी मीच. सालदाराबरोबर गाडी घेऊन जायचं, तिला बसवायचं, वाटेत कासाराकडे हिरव्या बांगड्या भरायच्या आणि मग माहेर. हा नेम कधी चुकला नाही. तिचा नवरा जाऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हापासून ती माझ्याकडेच, आणि हात मोकळेच आहेत. तेही विसरली. म्हणालो, "तिथे गेल्यावर भरू."

भुसावळहून जळगावच्या बसमध्ये शेजारच्या बाईला सांगत होती, "मना भाऊ शे. लेवाले उना." तीनदा सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

सुकदेव दारातच उभा होता. वरणगावच्या काडतुसांच्या फॅक्टरीत एकोणीस वर्षं माझ्या बाकावर होता — मी चेकर, तो माझ्या हाताखाली शिकला. राजीनामा देऊन हे सदन काढलं, विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी. अक्काच्या पाया पडला. फरशी चकचकीत. फिनेलचा वास. भिंतीवर तक्ता — दर दोन तासांनी पाहिलं का, पाणी दिलं का, कूस बदलली का, पुढे सही. तक्ता बघूनच मन भरलं. शेवटी माझा चेला!

फॉर्म भरला. शेवटचा रकाना होता, 'ऐकत नसल्यास काय करावे?' लिहिलं — 'मुऱ्हाळी आला असे सांगावे. लगेच ऐकते.' सुकदेव वाचून म्हणाला, "वा रुपचंदभाऊ! असं सगळ्यांनी लिहून दिलं असतं तर काय पाहिजे होतं!" मलाही जरा बरंच वाटलं.

निघताना तिला सांगितलं नाही. तिथल्या कामवाल्या बेबाबाईपुढे हात धरून उभी होती ती. मी मागच्या दाराने निघालो.

९ जानेवारी

सुगंधाने सवयीने तीन भाकऱ्या जास्त केल्या. आम्हा दोघा नवरा-बायकोला त्या संपल्या नाहीत.

११ जानेवारी

स्वतःलाच परत परत समजावतोय, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो. दुसरा इलाज नव्हता. ऑक्टोबरात गॅस चालू ठेवून बसली होती. नोव्हेंबरात रेल्वे लाइनीवर सापडली. तिच्यामागे धावताना सुगंधा पडली, खुब्याचं हाड मोडलं. सहा महिने वाकायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. मी एकटा दोन बायकांना कसा पुरणार? अक्काला न्हाऊ घालायला गेलो तर ओरडायची, परका माणूस समजून. बाजारात जाताना बाहेरून कडी लावून जायचो. ते काय चांगलं होतं?

तिथे चार बायका आहेत. डॉक्टर येतात. सुकदेव आहे.

१५ जानेवारी, रविवार

तिळगूळ घेऊन गेलो. भेटीला रविवारच ठेवलाय, दुपारी तीन ते पाच. अक्का व्हरांड्यात खुर्चीवर, वेणी घातलेली, तोंडाला पावडर लावलेली! हसूच आलं. मला आबा म्हणाली, म्हणजे आमचे वडील. तिळगूळ दोन्ही गालांत भरला. सुकदेवने चहा पाजला, फॅक्टरीच्या गोष्टी निघाल्या. मी त्याला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं ते त्याने घडाघडा म्हणून दाखवलं — "डोळ्यांनी पास करायचं नाही, गेज लावून, मापून करायचं." खूप हसलो.

येताना बसमध्ये छान झोप लागली. महिन्याभरात पहिल्यांदा.

२९ जानेवारी, रविवार

अक्काच्या दोन्ही मनगटांवर वळ. लालसर, बांगडीसारखे गोल. विचारलं तर सुकदेव म्हणाला, "बांगड्यांचा हट्ट धरते रे. बायकांनी आपल्या काढून चढवल्या, त्या घट्ट झाल्या." मला खरंच पटलं. हट्ट तर धरतेच ती! वर मीच म्हणालो, काचेच्या नका घालू, फुटली तर हाताला लागेल.

हात बघत बसली होती. मी मांडीवर घेतले तर काढून घेतले.

५ फेब्रुवारी

भेटीचा सगळा वेळ झोपलेली. "रात्री जागते, दिवसा झोपते" — सुकदेव.

१९ फेब्रुवारी, रविवार

आज सुगंधाशी भांडण झालं. घरी येऊन सांगितलं की अक्का वाळलीय, अंगावर लुगडं कुणा दुसरीचंच होतं, गोधडी खाटेवर दिसली नाही. तर म्हणाली, "रविवार सोडून एखाद्या दिवशी जा ना. न सांगता."

तडकलो. म्हणालो, सुकदेव माझा माणूस आहे. एकोणीस वर्षं एका डब्यात जेवलोय. त्याच्यावर पाळत ठेवू?

ती म्हणाली, "तुम्ही फॅक्टरीत सख्ख्या भावाचंही काडतूस गेज लावल्याशिवाय सोडलं नसतं."

जेवलो नाही. उपाशी राहून कुणाला शिक्षा दिली कुणास ठाऊक.

१९ मार्च, रविवार

धुळवड होऊन गेली. टाचेला जखम आहे अक्काच्या. रुपयाएवढी. सुकदेव म्हणाला, वय झालं की होतं, पावडर लावतोय. शेजारच्या खाटेवर एरंडोलच्या वना पाटलाची आई असते. तिच्याही टाचेला तसंच. वनाला म्हटलं, हे काय? तो म्हणाला, "आपण घरी काय मोठे दिवे लावत होतो, नाना? राहू द्या."

राहू दिलं.

९ एप्रिल, रविवार

गेलो नाही. उन्हाचं कारण सांगितलं सुगंधाला. खरं म्हणजे बघवत नाही. ती झोपलेली असते आणि मी दोन तास माश्या हाकलत बसतो. भित्रा आहे मी.

२६ एप्रिल, बुधवार

गेलो. बुधवारी, न सांगता. सुगंधा काल एवढंच म्हणाली, "आखाजी आठवड्यावर आली." बास. सकाळी पहिली बस धरली.

पुढच्या दाराला आतून कडी. मागच्या दाराने आत शिरलो, ज्या दाराने जानेवारीत पळालो होतो त्याच. मुताचा असा वास की डोळ्यांत पाणी आलं. फिनेल बहुतेक रविवारचंच. अक्काच्या खोलीत अकरा खाटा. अकराही जणी पडून. पंखा बंद. कुणी कण्हत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. बाहेर डाळमिलची घरघर तेवढी.

अक्का खिडकीजवळ. दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना बांधलेले. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी. लुगडं तिचंच, जांभळं, मीच धुळ्याहून आणलेलं! तोंडाला माश्या. ओठ फुटलेले. पाण्याचा तांब्या होता, चार हातांवर, कोनाड्यात.

मी तक्ता बघितला. आधी अक्काला सोडवायचं सोडून तक्ता बघितला. जन्माची सवय. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. तक्त्यावर संध्याकाळी सहापर्यंतच्या सह्या होत्या. 'चार वाजता : पाणी दिले, कूस बदलली, शांत.' 'सहा वाजता : शांत.' अजून न वाजलेल्या वेळेला माझी बहीण शांत होती! फॅक्टरीत असं पुढचं भरून ठेवणाऱ्याला मी गेटबाहेर काढलं असतं. आणि तीन महिने मी हाच तक्ता बघून चहा पीत होतो.

बेबाबाई आली. घाबरली, रडायला लागली. "मारत नाही हो दादा, देवाशपथ. चौघी बायका आणि अडतीस माणसं. एकीला न्हाऊ घातलं तर दुसरी रस्त्यावर. काय करावं?" मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाली, "तुमच्या अक्कांचा तर काहीच त्रास नाही. बाकीच्या चावतात, लाथा मारतात. यांना नुसतं 'मुऱ्हाळी आला' म्हटलं की आपणहून दोन्ही हात पुढे करतात. बांगड्या भरायला. मग बांधून घेतो. सुई द्यायची असली तरी तेच."

कौतुकाने सांगत होती बाई.

मी खाटेशी बसून गाठी सोडवायला घेतल्या.

गाठी सुटेनात. शेवटी बेबाबाईने दातांनी सोडवल्या.

२७ एप्रिल

काल पुढचं लिहिता आलं नाही.

सुकदेव साडेबाराला आला. मला बघून आधी हसला! हसला आणि म्हणाला, "अरे, कळवून यायचं ना." मी त्याची गचांडी धरणार होतो. धरली नाही. म्हणालो, "तक्त्यावर सहाच्या सह्या कुणी केल्या?" तर म्हणे, "ते तपासायला येतात त्यांच्यासाठी." मी विचारलं, "कोण येतं तपासायला?" कुणीच येत नाही. मग तो तक्ता कुणासाठी? माझ्यासाठीच. रुपचंद चेकर तक्ता बघून पास करतो हे त्याला एकोणीस वर्षांपासून ठाऊक होतं.

मी बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. शिव्याच जास्त होत्या. म्हणालो, तुला आईबाप नव्हते का? अक्काच्या पाया पडलास ना रे त्या दिवशी? तो ऐकून घेत होता. मग कपाटातून अक्काचा फॉर्म काढून माझ्यापुढे टाकला.

"वाच. अक्षर कुणाचं?"

माझंच अक्षर. वळणदार. खाली सही.

"युक्ती तूच दिलीस, भाऊ. आमच्या बायकांना काय माहीत मुऱ्हाळी-फिऱ्हाळी. आणि इथे तिला कसा घेऊन आलास? खरं सांगून? घरी बाहेरून कडी कोण लावत होतं?"

कडी मीच लावत होतो. खोटं बोलून मीच आणलं. पण म्हणून त्याने बांधावं? मी चुकलो म्हणून तो सुटतो का? सुटत नाही! दोघंही सुटत नाही.

जीप करून घरी आणली. सुगंधा काठी टेकत दारात उभी होती. भाकरतुकडा ओवाळला आणि मनगटं बघून तोंडात पदर कोंबला. माझ्याशी अजून एक शब्द बोललेली नाही.

अक्का झोपलीय. झोपेच्या सुयांचा अंमल चार-पाच दिवस राहील म्हणाले डॉक्टर.

२८ एप्रिल, शुक्रवार

जळगावला सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तीन टेबलं फिरलो. एक म्हणतो दवाखान्याचं खातं, दुसरा म्हणतो समाजकल्याण, तिसरा म्हणतो खाजगी आहे, तुम्ही का ठेवलंत? काडतुसाला सात जणांचे शिक्के लागायचे. म्हाताऱ्या माणसाला एकही लागत नाही.

परत येताना स्टँडवर वना पाटील भेटला. त्याला म्हणालो, तूही सही कर. तुझी आईही बांधलेली होती, डोळ्यांनी पाहिलं मी. हात जोडले त्याने. "नाना, पाया पडतो, अर्ज करू नका. सदन बंद पडलं तर आईला कुठे ठेवू मी?"

रागाने कापलो. पण घरी येईपर्यंत राग कुठे गेला कळलं नाही. फेब्रुवारीत मी तरी दुसरं काय करत होतो?

अर्ज मात्र मागे घेणार नाही.

२९ एप्रिल

डोळे उघडले. चमच्याने पेज पाजली सुगंधाने. बाराच चमचे, पण गिळली.

३० एप्रिल, रविवार

आज बोलली! सुगंधाला म्हणाली, "वैनी, भाकर दे." वैनी! नावासकट ओळखलं असं नाही, पण नातं बरोबर. उडीद-कळण्याची भाकरी, ठेचा नको म्हटलं तरी मागून घेतला. ओसरीवर बसवलं तर कडुलिंबाकडे बघत बसली. हात पदराखाली. बाहेर एवढा भट्टीसारखा उन्हाळा, तरी हात पदरातच. अशक्तपणाची थंडी असेल.

सुगंधा आज माझ्याशी बोलली. म्हणाली, "आपण करू दोघं मिळून. मी बसून भाकरी करीन, तुम्ही पाणी भरा. कडी नाही लावायची. दाराला घुंगरू बांधा, उघडलं की कळेल." इतकं साधं! हे मला डिसेंबरात का सुचलं नाही? हाडांचा डॉक्टर, डोक्याचा डॉक्टर, सुकदेव — सगळ्यांना विचारलं. बायकोला विचारलं नाही.

संध्याकाळी दाराला घुंगरू बांधले. अक्का त्या आवाजाला हसली. किती महिन्यांनी तिचं हसू बघितलं.

१ मे, सोमवार

उद्या आखाजी.

सकाळी कासाराकडे गेलो. हिरव्या बांगड्या घेतल्या, बारीक वेलीच्या, मापाला तिची जुनी एक फणीच्या डबीत होती ती नेली. कासार माझ्याकडे बघायला लागला, "वहिनींना?" म्हणालो, बहिणीला. घरी येईपर्यंत जीव धाकधूक. विधवेला हिरव्या बांगड्या, गल्ली काय म्हणेल? सुगंधाला दाखवल्या. ती म्हणाली, "गल्लीने एक दिवस तरी सांभाळलं का त्यांना? बोलू दे. तीन महिने नुसते हात पुढे करत होत्या. आता भराच तुम्ही."

कैऱ्या-आंबे आणले. सांजोऱ्यांचा रवा भाजून झाला. कडुलिंबाला झोका टांगला, पाट लावून, जपून बसवायचं. मी दोरी ओढून ओढून बघितली, दोनदा लटकलोसुद्धा. एकसष्ट वर्षांचा माणूस झोक्याला लोंबकळतोय म्हणून गल्लीतली पोरं हसली. हसू देत.

जानेवारीत खोटं बोललो ते उद्या खरं करणार. तिला आठवत नसेल, पण मला आठवतंय. उद्या सकाळी न्हाऊन, धुतलेलं धोतर-टोपी घालून, बाहेरून आत येणार. पूर्वी यायचो तसा. आणि म्हणणार. एकदा तरी ते खरं म्हणायचंय मला.

सुकदेवचा निरोप आला, रागावू नको म्हणून. उत्तर दिलं नाही.

२ मे, मंगळवार. आखाजी

टोपी घातली, बाहेरून आलो, बांगड्या पुढे केल्या. म्हणालो, "अक्का, मुऱ्हाळी आला."

तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि भिंतीला टेकली.

"बांधू नको रे भाऊ. मी कोठेच नही जास."